पिस्तूल अडतं कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला होता. पोलिसांत फौजदार होऊन त्याला दोन वर्षं झाली. जेवणं आटोपल्यावर ओसरीवर पान जमवत बसलो होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "तात्या, तुम्ही जन्मभर पिस्तुलं खोललीत. खरं सांगा, भरवशाचं कोणतं? तुमच्या वेळचं पोलादी, की आताचं हे प्लॅस्टिकचं?"

मी लष्करात चोवीस वर्षं आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. तेव्हा विचार न करताच मी म्हणालो, "पोलादी. त्यात काय विचारायचं?" पुतण्या हसला आणि विषय संपला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला माझंच उत्तर पटेना. आपण सवयीनं बोललो, माहितीनं नाही, असं वाटत राहिलं. ते उत्तर आज जरा नीट द्यायचं आहे.

आधी पिस्तूल चालतं कसं, ते दोन शब्दांत सांगतो. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते आणि गोळी नळीतून पुढे जाते. तिच्या धक्क्यानं पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला आम्ही स्लाईड म्हणतो, तो मागे सरकतो. सरकताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते आणि पुढे येता येता तो मुठीतल्या मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस नळीत सारतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत एवढं सगळं घडावं लागतं. यातली एक जरी गोष्ट चुकली तर पिस्तूल अडतं. लष्करात त्याला 'स्टॉपेज' म्हणतात. पिस्तूल हे अगदी शेवटच्या क्षणी, समोरासमोर वापरायचं हत्यार असल्यानं त्या स्टॉपेजचा हिशेब माणसाच्या जिवानं होतो.

पोलादी पिस्तुलाच्या भरवशाची जी ख्याती आहे तिचं मूळ मार्च १९११ मधल्या एका चाचणीत आहे. अमेरिकेच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं. शेवटच्या फेरीत दोनच उमेदवार उरले होते. एक कोल्ट कंपनीचं, जॉन मोझेस ब्राउनिंग यानं आखलेलं, आणि दुसरं सॅव्हेज कंपनीचं. दोन्ही पिस्तुलांतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडायच्या असं ठरलं. दर शंभर गोळ्यांनंतर निवायला थोडी विश्रांती, दर हजारांनंतर साफसफाई आणि तेल. दोन दिवस हा प्रकार चालला. त्यानंतर मुद्दाम वाकवलेली, गोळी आत दाबलेली काडतुसं भरली, पिस्तुलं आम्लात बुडवून गंजवली, वाळूत आणि चिखलात लोळवली. सॅव्हेज ३७ वेळा अडलं. कोल्ट एकदाही अडलं नाही. २९ मार्च १९११ ला ते स्वीकारलं गेलं आणि त्या सालावरूनच त्याला 'एम १९११' हे नाव पडलं. अमेरिकी लष्कराचं मुख्य पिस्तूल म्हणून ते १९८५ पर्यंत राहिलं.

ब्राउनिंगचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका दुरुस्त करणारे. म्हणजे जातीचा मिस्त्रीच. कारागिराच्या मुलाला एक गोष्ट उपजत कळते, की यंत्र फार घट्ट बसवलं तर ते दुकानात चालतं, शेतात चालत नाही. जुनं एम १९११ कानाजवळ धरून हलवलं तर खुळखुळतं. नव्या माणसाला वाटतं, हे झिजलंय. पण तो सैलपणा हिशेबातला आहे. वाळूचा कण आत गेला तर त्याला बसायला जागा हवी, काजळी साचली तरी स्लाईड सरकली पाहिजे. पुढच्या काळात स्पर्धेतल्या नेमबाजांनी हीच पिस्तुलं अचूकतेसाठी घट्ट बसवून घेतली, तेव्हा ती नखरे करू लागली. लोखंड तेच होतं. बदलली होती ती मधली फट.

दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल बनवणाऱ्यांची यादी वाचली की मला नेहमी गंमत वाटते. रेमिंग्टन रँड ही टाइपरायटरची कंपनी, तिनं आठ लाखांहून अधिक पिस्तुलं बनवली. युनियन स्विच अँड सिग्नल ही रेल्वेचे सिग्नल बनवणारी. आणि सिंगर, म्हणजे आपल्या आईच्या, आजीच्या शिलाई मशीनवर जिचं नाव असायचं तीच, तिनं नमुन्यादाखल ५०० पिस्तुलं बनवली. हे जमलं कारण प्रत्येक भागाची मापं ठरलेली होती. एका कारखान्याची स्लाईड दुसऱ्याच्या सांगाड्यावर कानस न लावता बसली पाहिजे, अशी अट होती. सिंगरची ती पिस्तुलं आज संग्राहक सोन्याच्या भावानं घेतात.

माझ्या हाताखालचं पिस्तूल मात्र ब्राउनिंगचं दुसरं अपत्य होतं. २६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममधल्या लिएज शहरात, कारखान्यात काम करत असतानाच तो वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं पिस्तूल द्यूदोने सेव्ह या बेल्जियन तंत्रज्ञानं पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते 'हाय पॉवर' या नावानं आलं. मॅगझिनमध्ये तेरा काडतुसं, त्या काळात फार मोठी गोष्ट. महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीनं ते बनवलं, आणि त्याच नमुन्यावर आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत नऊ मिलिमीटरचं '१ए' पिस्तूल तयार झालं. तेच माझं पोट भरणारं हत्यार. कोतीत, म्हणजे आमच्या शस्त्रागारात, त्याच्या तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

आता पुतण्याला न सांगितलेली गोष्ट.

साल १९८९. आमची पलटण ईशान्येकडे होती. कुठली ते महत्त्वाचं नाही. रेंजवर एका अधिकाऱ्याचं पिस्तूल चौथ्या गोळीला अडलं. खटका मारून काडतूस काढलं, पुन्हा झाडलं, दोन गोळ्या गेल्या, पुन्हा अडलं. साहेब संतापले. पिस्तूल पाहिलं तर आत थोडी काजळी होती. झालं, निष्कर्ष निघाला: कोतीतल्या जवानानं हत्यार साफ केलेलं नाही. तो बिचारा सांगत होता, साफ केलंय म्हणून, पण रेंजवर जवानाचं कोण ऐकतो? सात दिवस पिठ्ठू. पाठीवर भरलेला पिठ्ठू घेऊन मैदानाला फेऱ्या.

ते पिस्तूल माझ्याकडे तपासायला आलं. मी पूर्ण खोललं. स्प्रिंग ठीक, नळी ठीक, पुंगळी ओढणारा आकडा ठीक. मग मॅगझिन हातात घेतलं. मॅगझिनच्या वरच्या टोकाला पत्र्याचे दोन ओठ असतात. वरचं काडतूस ते नेमक्या उंचीवर, नेमक्या कलानं धरून ठेवतात. या मॅगझिनचा डावा ओठ जरासा फाकलेला होता. कधीतरी सिमेंटच्या फरशीवर तोंडावर पडलं असणार. काडतूस केसभर वर येत होतं आणि नळीच्या तोंडावर अडत होतं. आणि त्या मॅगझिनवर महिन्यापूर्वीच्या तपासणीची खूण माझ्याच हातची होती. मी ते पास केलं होतं. त्या दिवशी साठ-सत्तर मॅगझिनं होती, मी पिस्तुलं डोळ्यांत तेल घालून पाहिली आणि मॅगझिनं मोजून ठेवली.

हे मी सुभेदारसाहेबांना सांगितलं, पण लगेच नाही. पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत तो जवान रोज दुपारी माझ्या खिडकीसमोरून पिठ्ठू घेऊन धावत होता. सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "आता दोनच दिवस राहिलेत, राहू दे." मीही राहू दिलं.

तेव्हापासून पिस्तूल अडलं असं कुणी म्हटलं की मी आधी मॅगझिन मागतो. पुढे वाचत गेलो तसं दिसलं, की जगाच्या मोठ्या फौजांनाही हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. २००३ मध्ये अमेरिकी सैन्य इराकमध्ये गेलं तेव्हा त्यांचं बेरेटा पिस्तूल वाळवंटात अडू लागलं. तक्रारी पिस्तुलाच्या नावानं झाल्या. दोष सापडला तो मॅगझिनांत. त्यांच्यावर चढवलेला लेप खरखरीत होता, तलम धूळ त्याला धरून बसायची आणि काडतुसं वर सरकेनात. लेप बदलल्यावर तक्रार ओसरली.

आता प्लॅस्टिककडे येऊ. बंदुकीत प्लॅस्टिक आणण्याची कल्पना ऑस्ट्रियाच्या ग्लॉकची, असा समज आहे. तो खरा नाही. १९५९ मध्ये रेमिंग्टननं नायलॉनच्या दस्त्याची एक छोटी रायफल बाजारात आणली होती, आणि १९७० मध्ये हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीनं प्लॅस्टिक सांगाड्याचं पिस्तूलही काढलं होतं. त्याचा चाप इतका जड होता की ते फारसं कुणाला आवडलं नाही. ग्लॉकचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे.

गास्टन ग्लॉक हा व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम इथला छोटा कारखानदार. पडद्याच्या दांड्या वगैरे किरकोळ माल बनवायचा. पुढे ऑस्ट्रियाच्या लष्कराला सुऱ्या आणि खंदक खणायची फावडी पुरवू लागला. पिस्तूल त्यानं आयुष्यात कधी बनवलेलं नव्हतं. १९८० च्या सुमारास लष्कराला महायुद्धाच्या काळातलं 'पी ३८' बदलायचं होतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या या माणसानं ठरवलं की आपणही उतरायचं. जाणकारांना बोलावून त्यांना काय हवं ते विचारलं. पहिले नमुने तो स्वतः डाव्या हातानं झाडून पाहायचा, म्हणजे स्फोट झालाच तर आराखडे काढायला उजवा हात शिल्लक राहील, असं सांगतात. १९८१ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. ते त्याचं सतरावं पेटंट, म्हणून पिस्तुलाचं नाव 'ग्लॉक १७'. मॅगझिनमध्येही सतराच काडतुसं बसतात, तो योगायोग.

ऑस्ट्रियाच्या लष्करानं घातलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या १०,००० गोळ्यांत वीसपेक्षा जास्त वेळा अडता कामा नये. दोन मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडलं तरी आपोआप गोळी सुटता कामा नये. देखभालीसाठी खोलायला कुठलंही अवजार लागू नये. सुटे भाग अठ्ठावनच्या वर नकोत. ग्लॉकच्या पिस्तुलात चौतीसच होते. १९८२ मध्ये ते स्वीकारलं गेलं. माझ्यासारख्या मिस्त्रीला त्यातली खरी मेख चौतीस या आकड्यात दिसते. जो भाग नाहीच, तो मोडत नाही आणि गंजतही नाही.

मग प्लॅस्टिकचं काय? सांगाडा प्लॅस्टिकचा असल्यानं मॅगझिनशिवाय वजन ६२५ ग्रॅमच्या आसपास, तर एम १९११ चं किलोच्या वर. घामानं, पावसानं सांगाडा गंजत नाही. स्लाईडच्या पोलादावरही असा कडक थर चढवलेला, की गंजाची फारशी धास्ती नाही. ज्यानं कोकणात किंवा ईशान्येत एक पावसाळा पोलादी पिस्तुलं सांभाळली आहेत, त्यालाच याची किंमत कळेल. आम्ही संध्याकाळी तेलाची चिंधी फिरवायचो आणि सकाळी मुठीच्या कडेला तांबूस डाग पुन्हा हजर. पण सबंध ग्लॉक प्लॅस्टिकचं आहे हे मात्र खोटं. नळी पोलादाची, स्लाईड पोलादाची, स्लाईड ज्यांवरून सरकते त्या छोट्या पट्ट्याही प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या पोलादाच्या. वजनाचा मोठा वाटा पोलादाचाच.

हे न कळल्यामुळे अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मोठा गहजब झाला. विमानतळाच्या यंत्राला न दिसणारं अतिरेक्यांचं पिस्तूल, अशा बातम्या छापून आल्या. संसदेत सुनावण्या झाल्या. तपासणीत ते क्ष-किरणांत स्वच्छ दिसत होतं, तरी १९८८ मध्ये यंत्राला न सापडणाऱ्या हत्यारांवर बंदी घालणारा कायदा झाला. ग्लॉकला त्याचा काहीच फटका बसला नाही, कारण कायद्यात हवं त्यापेक्षा किती तरी जास्त पोलाद त्याच्यात होतं. १९९० मधल्या 'डाय हार्ड २' सिनेमात तर चिनी मातीचं 'ग्लॉक ७' अशी थाप नायकाच्या तोंडी आहे. असं पिस्तूल कधी बनलंच नाही. त्या थापेनं कंपनीची फुकट जाहिरात मात्र झाली.

दोन्ही बाजूंचे दोष तपासले की आणखी मजा येते. १९८७-८८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बेरेटा पिस्तुलांच्या स्लाईड झाडताना तुटल्या. एकूण चौदा, त्यांतल्या तीन प्रत्यक्ष वापरात. मागचा तुकडा उडून माणसांचे चेहरे फाटले. त्या स्लाईड पोलादाच्याच होत्या. उलट २००१-०२ च्या दरम्यान बनलेल्या काही ग्लॉकमध्ये सांगाड्याच्या मागच्या पट्ट्या मोडू लागल्या आणि कंपनीला सांगाडे बदलून द्यावे लागले. मोडलेली पट्टी पोलादाची होती, तिच्या भोवतालचं प्लॅस्टिक शाबूत! ग्लॉकची सुरुवातीची मॅगझिनं मात्र खरोखर प्लॅस्टिकमुळे गडबड करायची. पूर्ण भरली की फुगायची आणि मुठीतून सहज खाली पडेनात. उपाय काय केला? आतून संपूर्ण पोलादी अस्तर दिलं.

भरवशाला दुसरीही बाजू असते. हवं तेव्हा झाडलं पाहिजे, तसंच नको तेव्हा झाडता कामा नये. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्करानं सिग साउअरचं प्लॅस्टिक मुठीचं पिस्तूल निवडलं. त्याच वर्षी त्याचं नागरी बाजारातलं रूप ठरावीक कोनात आपटलं तर गोळी सुटू शकते असं उघड झालं, आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं चाप आणि आतले काही भाग बदलून देण्याची तयारी जाहीर केली. दोष चापाच्या आणि आतल्या भागांच्या वजनात होता. मूठ पोलादाची असती तरी तो राहिलाच असता.

हलक्या पिस्तुलाचा एक गुण-अवगुण मात्र मान्य केला पाहिजे. स्लाईड मागे जाताना तिला कशाचा तरी टेका हवा. जड पोलादी सांगाडा आपल्या वजनानंच तो देतो. हलक्या सांगाड्याला मनगटाचा टेका लागतो. मनगट ढिलं सोडलं तर स्लाईड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी तिथेच अडकते. जखमी माणसाचं मनगट ढिलं पडतं, हे विसरून चालत नाही. जुन्या पिस्तुलांचा अवगुण वेगळा. ती गोल नाकाच्या गोळ्यांसाठी आखलेली. पुढे पोलिसांत पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या, त्या जुन्या पिस्तुलांच्या नळीच्या तोंडाशी अडखळू लागल्या. लोक म्हणाले, पिस्तूल बिघडलं. ते बिघडलं नव्हतं, त्याला परकं अन्न घातलं होतं. आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली जुनी माणसं म्हणायची, तुम्ही आर्मरर लोक पिस्तूल बघता, काडतुसाचा डबा उघडूनही बघत नाही. कारखाना १८६९ पासूनचा, त्यांचा बोलण्याचा हक्कच होता.

ब्रिटिश लष्करानं जानेवारी २०१३ मध्ये आपलं ब्राउनिंग हाय पॉवर निवृत्त करून ग्लॉक १७ घेतलं, पंचवीस हजारांहून अधिक. ती बातमी वाचून मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. पण आज कुणी माझ्यापुढे कारखान्यातून नुकतीच आलेली दोन्ही पिस्तुलं ठेवली आणि रात्री पावसात बाहेर जायचंय म्हणाला, तर मी ग्लॉक उचलीन. प्लॅस्टिकसाठी नव्हे. कमी भाग, एकसारखी मापं, न गंजणारा थर आणि कठोर चाचणी, यांसाठी. चाळीस वर्षांनी मात्र हिशेब वेगळा होईल. पोलादी सांगाडा झिजला तर माझ्यासारखा माणूस वेल्डिंग करून, कानस मारून तो पुन्हा उभा करतो. प्लॅस्टिकचा तडकला की फेकून द्यायचा. तिथे मिस्त्रीला काम नाही. दिवाळीत मी जे "पोलादी" म्हणालो, त्यात माझ्या धंद्याचा हा स्वार्थ किती होता ते मला सांगता येणार नाही.

हे सगळं पुतण्याला फोनवर सांगितलं, पिठ्ठूची गोष्टही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग मी विचारलं, "तुझ्याकडे मॅगझिनं किती?" म्हणाला, तीन. "त्यांतलं वाईट कोणतं?" त्याला माहीत नव्हतं. त्यानं तिन्हींच्या बुडाला पांढऱ्या रंगानं आकडे टाकले आणि वार्षिक फायरिंगला प्रत्येकाचा वेगळा हिशेब ठेवला. तीन नंबरचं मॅगझिन दोनदा अडलं. ते त्यानं जमा करून दुसरं घेतलं.